आर्मासनं न घातलेलं छप्पर

लाकडाची पातळ पट्टी हातात आली की आर्मास आधी तिच्यावरून बोट फिरवायचा. एका बाजूनं बोट लोण्यावरून गेल्यासारखं जायचं, उलट फिरवलं की कुसळ टोचायचं. लाकडालाही केसांसारखा कल असतो, तो ओळखता आला नाही तर छप्पर पहिल्याच थंडीत पाणी धरतं, असं तो म्हणायचा. म्हणायचा म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी. आमच्या तळ्याकाठची माणसं बोलण्यात काटकसर करतात, आणि आर्मास त्या काटकसरी माणसांतला कंजूष होता.

तो आणि त्याची बायको तैमी, तळ्याच्या वळणावर सुलो आणि त्याची एल्ली, आणि वर टेकडीवर गाईंजवळ मी. एवढीच आमची वाडी. बाकीची घरं कुलूप लावून शहरात गेली आहेत. उन्हाळ्यात थोडे दिवस त्यांच्या खिडक्या उघडतात आणि पुन्हा मिटतात. फिनलंडच्या या भागात जंगल पुष्कळ आणि माणूस कमी, म्हणून शेजारी हा आम्हाला नातेवाइकाहून जवळचा.

आर्मास नदीकाठच्या प्लायवूडच्या कारखान्यात होता. त्याचा बापही तिथंच होता. वाफवलेला भूर्जाचा ओंडका यंत्रावर गरगर फिरायचा आणि पात्याखालून त्याचा लांबच लांब पापुद्रा सुटत यायचा, दोरीवरची ओली चादर कुणी हळूहळू ओढून घ्यावी तसा. त्या यंत्रापाशी आर्मास उभा असायचा. एका हिवाळ्यात साहेब लोकांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. टेबलांवर कॉफी मांडली होती आणि वेलदोड्याचा गोड पाव. "पाव बघितला तेव्हाच कळलं," आर्मास मला नंतर म्हणाला. "इतकी वर्षं पाव दिला नव्हता." वसंत ऋतूत यंत्रं मोटारींवर चढली आणि परदेशी गेली. इमारत तिथंच आहे. पाखरं आत-बाहेर करतात.

मग त्याला बेकारी भत्ता सुरू झाला. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. संघटनेच्या निधीत तो तरुणपणापासून वर्गणी भरत आला होता. नियमही सरळ होते: नाव नोंदवायचं, काम शोधायचं, योग्य काम आलं तर घ्यायला मोकळं असायचं, आणि दर चार आठवड्यांनी अर्ज भरायचा. त्या अर्जात एकेका दिवसासमोर लिहावं लागतं, काम केलं की बेकार होतो.

हे लिहिणं मात्र त्याला जड जायचं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेन घेऊन बसायचा, सोमवारपुढे बेकार, मंगळवारपुढे बेकार, असा एकेक पायरी खाली उतरायचा. तेवढ्या लिहिण्याला त्याची अख्खी सकाळ जायची. मध्येच उठून उगाच चुलीत लाकूड घालून यायचा.

"दुसऱ्या कुणी बघितलं तर म्हणेल, नवरा प्रेमपत्र लिहितोय," तैमी मला म्हणाली. "मला तर वाटतं, हा स्वतःच्या मयताची बातमी लिहितोय."

ती हसली. मी हसले नाही, कारण तिचे हात टेबलावरचा न सांडलेला साखरेचा कण पुसत होते.

सुलोचं सगळं उलट. जन्मभर लाकडाच्या ओंडक्यांची मोटार चालवली, पण जीभ मोटारीहून जोरात चाले. तो आणि आर्मास शाळेत एका बाकावर बसलेले, एकाच होडीतून जाळी टाकलेले, आणि दर शनिवारी सुलोच्याच सौन्यात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, घाम काढलेले. भत्त्यातूनही कर कापला जातो हे आर्मासला पहिल्यांदा कळलं, त्या शनिवारी तो सौन्याच्या पायरीवर टॉवेल गुंडाळून मान खाली घालून बसला होता, आणि सुलो हसून हसून लाल झाला होता.

"अरे, काम असलं तरी कर, काम गेलं तरी कर! आता मेल्याशिवाय सुटका नाही बघ."

"मेल्यावर वारसांना भरावा लागतो," एल्ली आतून ओरडली.

"मग मी मरतच नाही जा!"

हे तो बोलला तेव्हा त्याच्या पोटातलं दुखणं त्याला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी बर्फ वितळायच्या सुमाराला ते कळलं. डॉक्टरांनी त्याला उन्हाळ्याचा भरवसा दिला, हिवाळ्याचा दिला नाही.

सुलोच्या अंगणात त्याच्या बापानं रचलेली ओंडक्यांची एक कोठी आहे. पूर्वी तिच्यात धान्य असे आणि उन्हाळ्यात पोरं झोपत. सुलोनं तिच्यात पलंग टाकले होते आणि उन्हाळी पाहुण्यांना ती भाड्यानं द्यायचा. रीतसर धंदा म्हणून नोंदवलेली, कर भरलेला, सगळं चोख. तरुणपणी त्यानं तिच्यावरचं लाकडी पट्ट्यांचं जुनं छप्पर काढून पत्रा घातला होता, आणि आता तो पत्राही गंजला होता.

"पत्र्याखाली पाऊस म्हणजे डोक्यावर कुणीतरी वाटाणे ओततंय," सुलो म्हणाला. "बापाच्या छपराखाली पाऊस यायचा तो कळायचाही नाही. सकाळी गवत ओलं दिसलं की कळायचं. तसं एकदा झोपायचंय मला. पुन्हा एकदा. मग काय व्हायचं ते होऊ दे."

 दुसऱ्या दिवशी आर्मासनं बापाच्या वेळचं पट्ट्या काढायचं यंत्र गोठ्यातून ओढून बाहेर काढलं आणि पातं घासायला बसला.

मग इर्जिक ठरली. आमच्याकडे छप्पर, विहीर, होडी, काहीही एकट्यानं होत नाही. शेजारी येतात, राबतात, मालक पातेलंभर माशाचा रस्सा शिजवतो आणि मजुरीचा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. काढला तर तो त्या घरचं जेवण जेवला नाही असं समजतात. कुणी किती राबलं हे मोजायचं नाही, आणि कुणी चांगलं राबलं तर तसं तोंडावर म्हणायचंही नाही. फार तर म्हणायचं, "आला नसतास तरी चाललं असतं." हीच आमची शाबासकी.

पाइनचे सरळ वाढलेले, बिनगाठीचे ओंडके आर्मासनं स्वतःच्या जंगलातल्या तुकड्यातून आणले. ट्रॅक्टरचा पट्टा यंत्राला जोडला. पातं पुढं-मागं सरकू लागलं आणि ओल्या लाकडाच्या पट्ट्या सुरीसारख्या उडून गवतावर पडू लागल्या. सगळ्या अंगणाला डिंकाचा वास सुटला. मी, तैमी, एल्ली पट्ट्या गोळा करून वर देत होतो. कामावर जाणारी माणसं संध्याकाळी यायची. आमच्या उन्हाळ्यात संध्याकाळ संपत नाही, त्यामुळे त्यांनाही पुष्कळ वेळ मिळायचा. पण सकाळपासून छपरावर असायचा तो आर्मास. प्रत्येक पट्टी हातात घेऊन तो कल बघायचा, उलटायची असली तर उलटायचा, शेजारच्या पट्टीवर तिरपी चढवायचा आणि खिळा मारायचा. थरावर थर, पाखरानं पिसं लावावीत तसे. तो शीळ घालत होता. कारखाना बंद झाल्यापासून त्याची शीळ आम्ही ऐकली नव्हती.

सुलो खाली खुर्चीवर, अंगावर घोंगडी. "अरे आर्मास, तो खिळा वाकडा गेला!"

"तुझी मान वाकडी आहे."

"माझं छप्पर आहे, माझा खिळा आहे!"

"मग वर ये आणि काढ."

शेवटची ओळ बसली तेव्हा आर्मास छपराच्या कण्यावर घोड्यावर बसावं तसा बसला आणि तळ्याकडे बघत राहिला. खाली यायला तयार नव्हता. सुलोनं मान वर करून ते छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. आम्ही सगळे थांबलो. सुलो म्हणाला, "आला नसतास तरी चाललं असतं."

आर्मासचे कान लाल झाले. एवढ्यानं त्याचं वर्ष भरून निघालं होतं.

आणि म्हणूनच पुढं घडलं ते घडलं. चार आठवडे भरले, अर्ज लिहायचा दिवस आला. त्या सकाळी आर्मास सकाळभर बसला नाही. सरळ बसला, ठसठशीत अक्षरात छपराच्या आठवड्यातल्या एकेका दिवसापुढे त्यानं लिहिलं: काम केलं. काम केलं. काम केलं. तैमी भाकरीचं पीठ मळत होती. तिनं वाकून बघितलं.

"हे काय लिहिलंस? ती तर इर्जिक होती."

"मी काम केलं की नाही?"

"केलंस. पण ते असलं काम नव्हे."

"असलं-तसलं काय? लाकूड तेच, घाम तोच. इतके महिने खरं लिहिलं, बेकार होतो म्हणून. आता काम केलं तर तेही खरंच लिहिणार."

निधीच्या कचेरीतून विचारणा आली. काम कुणाकडे केलं, त्यांचा धंदा काय, अशा कामाला एरवी मजुरी देतात का. कुणी चलाख माणूस असता तर इथंच सावध झाला असता. आर्मासला वाटलं, चला, शेवटी कुणीतरी त्याच्या कामाबद्दल विचारलं. त्यानं पानभर उत्तर लिहिलं. काम सुलोच्या कोठीवर, जी भाड्यानं देतात. मजुरीचं म्हणाल तर असलं छप्पर घालायला चांगला सुतार भलीमोठी मजुरी घेईल, आणि घेऊनही त्याला असं जमेल की नाही शंका आहे.

हे वाचून त्यांना जे करायचं तेच त्यांनी केलं. दुसऱ्याच्या धंद्यात, एरवी पगारानं करून घेतात ते काम, दिवसभर, फुकट. असा माणूस बेकार कसा? आणि हा असली कामं नेहमीच करत असेल तर? याचाच सुतारकामाचा धंदा असेल तर? चौकशी होईपर्यंत भत्ता थांबला, आणि मग निकाल आला की पात्र नाही. संध्याकाळी येऊन त्याच छपरावर ठोकाठोक केलेल्या नोकरीवाल्यांना कुणी काही विचारलं नाही. नोकरी असलेल्यानं शेजाऱ्याला मदत केली की तो चांगुलपणा, नसलेल्यानं केली की चौकशी.

तैमी शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ होती, आणि उन्हाळ्यात शाळा बंद. आर्मासनं होडीचं इंजिन विकलं आणि वल्ही मारत जाळी टाकायला जाऊ लागला. अपील करता येतं, पण मुदतीत, असं कळल्यावर तैमीनंच संघटनेच्या प्रतिनिधीला बोलावलं. ती तालुक्याच्या गावाहून आली. रैया तिचं नाव, दमलेली, प्रेमळ बाई. कारखाना बंद झाल्यापासून तिनं असली घरं किती पाहिली असतील कोण जाणे. आर्मासनं लिहिलेलं पान वाचून तिनं चष्मा काढला.

"अहो, हे काय लिहून दिलंत तुम्ही? स्वतःच्या हातानं?"

"खरं ते लिहिलं."

"खरं आहे हो. पण असं बघा. अपील जिंकायचं तर ते ऐकणाऱ्या मंडळाला एकच गोष्ट पटवावी लागेल. ते काम नव्हतं."

"मग काय होतं?"

"आजारी मित्राजवळ जाऊन बसलात. येता-जाता हात लावलात. वेळ घालवला."

आर्मासनं स्वतःचे तळहात उलटून बघितले. "वेळ तर मी कारखाना गेल्यापासून घालवतोय," तो म्हणाला. "त्या आठवड्यात घालवला नाही. तेवढ्याच आठवड्यात नाही."

रैया कागद तसाच ठेवून गेली. तो आठवडा गेला, पुढचाही गेला, कागद टेबलावर तसाच. एका दुपारी मी दूध द्यायला गेले तर तैमी रिकाम्या पातेल्यासमोर उभी होती.

"काय शिजवू सांग," ती नवऱ्याला म्हणत होती. "तुझा अभिमान घालू का उकळायला? मीठ आहे घरात."

"तू म्हणतेस ते खोटं आहे म्हणून—"

"मी म्हणते जगायचंय! एका शब्दानं काय होतं तुझं? छप्पर उडून जाणार आहे का?"

तो उठून बाहेर गेला. तैमी खाली बसली आणि म्हणाली, "मला माहिती आहे गं काय होतं त्याचं. मला नाही तर कुणाला माहिती असणार? पण मी काय करू?"

आमची वाडी लहान आहे. गोष्ट सुलोच्या कानावर गेली. तोवर तो कोठीत राहायला गेला होता, नव्या छपराखाली, दार उघडं ठेवून तळ्याकडे तोंड करून. हाडं आणि डोळे तेवढे उरले होते. त्यानं एल्लीला सांगितलं, "त्या बाईला बोलवा. मालक मी आहे ना? मग मीच सांगतो काय झालं ते."

ऑगस्ट सरत आला होता. सकाळपासून बारीक पाऊस. रैया पलंगाजवळ स्टूल घेऊन बसली. एल्ली पायाशी. तैमी आणि मी दाराशी, आणि आर्मास भिंतीला पाठ लावून उभा, टोपी हातात. वर त्याचं छप्पर. पाऊस पडत होता आणि आत त्याचा आवाज नव्हता. डिंकाचा वास अजून होता. वर कुणीच बघत नव्हतं.

"आर्मासनं तुमच्या छपराचं काम केलं का?" रैयानं विचारलं.

"कोणी? यानं?" सुलोनं मान वळवली. आवाज कमी झाला होता, पण जीभ तीच. "बाई, तुम्ही याला ओळखत नाही. मी शाळेपासून ओळखतो. हा येऊन बसायचा. छपरावर बसायचा, कारण खाली डास जास्त."

मी हसले. तैमीही हसली. सुलोची थट्टा होती, नेहमीचीच.

"हातोडी?"

"असायची हातात. शोभेला. दोन खिळे मारायचा आणि माशांच्या गोष्टी सांगायचा. काम दुसऱ्यांनी केलं. संध्याकाळी यायचे ते."

"याला पैसे देऊन तुम्ही काम दिलं असतं का?"

सुलोनं श्वास घेतला. तो घ्यायला त्याला आता तयारी लागायची. "याला? एका दिवसाचीही मजुरी दिली नसती. याच्या भरवशावर छप्पर सोडलं असतं तर मी आत्ता भिजत पडलो असतो."

आता कुणी हसलं नाही. एल्लीनं घोंगडीचा काठ मुठीत धरला होता. कोरड्या कोठीत कोरड्या पलंगावर पडून तो माणूस हे बोलत होता, आणि बाहेर वळचणीवरून पाणी निथळत होतं, एका रेषेत, जसं निथळायला हवं तसं.

रैया लिहीत होती. बहुतेक तिलाही सगळं कळत होतं. तिनं वाचून दाखवलं, आणि मग वळून हळूच विचारलं, "आर्मास, हे बरोबर आहे ना? तुम्हीही म्हणायला हवं."

आर्मासनं सुलोकडे बघितलं. सुलो त्याच्याकडे बघत होता. डोळ्यांत थट्टा नव्हती. मी इतक्या वर्षांत सुलोला कुणाजवळ काही मागताना पाहिलं नव्हतं. तेव्हा तो मागत होता.

"बरोबर आहे," आर्मास म्हणाला. "बसलो होतो."

एल्लीनं सुलोच्या हातात पेन दिलं आणि मनगटाला आधार दिला. सही वेडीवाकडी आली, पण आली. आर्मासनंही सही केली. रैया गेली. 

"पाऊस थांबला का रे?" सुलोनं विचारलं.

"नाही. पडतोय."

"बघ. ऐकूही येत नाही." त्यानं डोळे मिटले. "संध्याकाळच्यांनी छान घातलंय."

आर्मास टोपी डोक्यावर घालून निघाला. त्याला राग आला नव्हता. आमच्यापैकी कुणालाही राग आला नव्हता. पण त्यानंतर तो कोठीत जायचा तेव्हा दाराजवळच्या बाकावर बसायचा, मान खाली घालून. आधी तो पलंगाशी बसायचा आणि दोघं मिळून वर बघायचे, कुठली पट्टी कुठल्या ओंडक्याची यावर वाद घालायचे. तो वाद बंद झाला. ज्या छपराला आर्मासनं हात लावला नाही, त्यावर तो काय बोलणार?

पहिला बर्फ पडायच्या आत सुलो गेला. तेही त्या कोठीतच, सकाळी. एल्ली कॉफी घेऊन गेली तेव्हा कळलं.

दफन झाल्यावर समाजघरात कॉफी होती. आमच्याकडे त्या वेळी एकेकजण उठून गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतो. मोटारीच्या गोष्टी निघाल्या, माशांच्या, थट्टेच्या. लोक रडता रडता हसले. सगळे आर्मासकडे बघू लागले. त्याच्याइतका जवळचा दुसरा कोण होता? तो उठला. टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. ओठ हलले. मला वाटलं, आता छपराचं सांगेल. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच होतं. सांगण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

"आम्ही बसायचो," तो म्हणाला. "त्याच्याजवळ मी बसायचो." आणि खाली बसला.

गावाला वाटलं, आर्मासच तो, त्याला बोलता कुठं येतं.

अपिलाचा निकाल थंडीच्या मध्यावर आला. मंडळानं म्हटलं होतं की संबंधित व्यक्तीनं त्या काळात नोंद घेण्यासारखं कोणतंही काम केलेलं नाही, म्हणून तो भत्त्याला पात्र आहे. अडकलेली रक्कम एकदम आली, कर कापून. तैमीनं चांगली कॉफी आणली, मलाही बोलावलं. टेबलावर तिनं मेणबत्ती लावली होती. आर्मासनं निकाल एकदा वाचला आणि तिच्याकडे सरकवला.

"जिंकलास रे," तैमी म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "आता लेखी आहे."

तैमीनं तोंडावर हात धरला आणि ती रडली. मग उठून तिनंच कॉफी ओतली.

पुढच्या उन्हाळ्यात एल्लीनं घर विकायला काढलं. एकटीनं लाकूड फोडणं, रस्त्यावरचा बर्फ उपसणं तिला झेपेना, आणि मुलगी शहरात ये ये म्हणत होती. घर बघायला एक जोडपं आलं. तरुण, सालस. तो माणूस आवारात फिरता फिरता कोठीपाशी थांबला. शिडी घेतली, वळचणीपर्यंत चढला आणि पट्ट्यांवरून बोट फिरवलं. शहरातला असून त्याला बोट फिरवायचं सुचलं, म्हणून मला तो आवडला.

"हे कुणी घातलंय?" त्यानं वरूनच विचारलं. "असं काम आता कुठं बघायला मिळत नाही."

एल्ली, मी आणि आर्मास खाली उभे होतो. तो तिची होडी किनाऱ्यावर ओढून द्यायला आला होता. एल्लीनं आर्मासकडे बघितलं. मीही.

"मला त्याचं नाव द्या," तो माणूस खाली उतरत म्हणाला. "सौन्यावरही असंच घालून हवंय. आणि माझ्या भावाचं जुनं घर आहे, तिथंही. रीतसर पगार देईन, वर्षभराचं काम आहे. असा माणूस मिळायला हवा फक्त."

आर्मासचं काम जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. तो जिथं जिथं अर्ज करायचा तिथून तुमचं वय म्हणून उत्तर यायचं. एल्लीनं तोंड उघडलं, "हे आमच्या—"

"सुलोनं घातलं," आर्मास मध्येच म्हणाला. "यांच्या नवऱ्यानं. तो वारला."

"अरेरे," त्या माणसानं खरंच मनापासून म्हटलं. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा एकदा छपराकडे बघितलं. "मोठा कारागीर होता हो."

"होता," आर्मास म्हणाला.

गाडी वळणाआड गेली तशी मी त्याच्यावर तुटून पडले. "वेडा आहेस का तू? तैमीला काय सांगशील? घरापर्यंत चालत आलेलं काम! नुसतं 'मी' म्हणायचं होतं!"

तो होडीची दोरी खुंट्याला बांधत होता. सावकाश, दोनदा गुंडाळून.

"सुलोनं सही केली होती," तो म्हणाला. "मरायला टेकलेला हात होता त्याचा, एल्लीनं धरून ठेवला होता. मी आता 'मी' म्हटलं तर तो खोटं बोलून गेला असं होईल. मेलेल्या माणसाला मी कसा खोटा पाडू?"

 एल्ली पायरीवर बसून राहिली होती.

आर्मासनं गाठ ओढून बघितली. मग घरी निघण्याआधी तो कोठीला वळसा घालून मागच्या बाजूला गेला. तिथं वळचणीची एक पट्टी थोडी उचलली गेली होती. हिवाळ्यातल्या बर्फानं असेल. त्यानं आधी रस्त्याकडे बघितलं. गाडी गेली होती. मग खिशातून खिळा काढला, दगडानं दोन ठोके घातले, पट्टीवरून बोट फिरवलं आणि हात पँटीला पुसत तळ्याकाठच्या वाटेला लागला.